पाचशे बारा ट्रक

आधी चहा संपवा. मी यावलला काय दिवे लावले ते ऐकताना घोट घशात अडकला, तर मला दोष देऊ नका!

नव्वदीची सुरुवात. जळगावात केळी उत्पादकांच्या एका संघात मी प्रोग्रॅमर होतो. म्हणजे अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटरला हात लावायला न घाबरणारा एकटा माणूस! आज केळी भरायला किती ट्रक लागतील, हे यावलच्या डेपोला रोज फोनवर ओरडून सांगावं लागे. मी म्हटलं, कशाला घसा कोरडा करायचा? जळगावच्या मोठ्या मशीनवरून आकडा टेलिफोनच्या तारेतून जाईल आणि यावलच्या पीसीवर उमटेल. दोन्हीकडचे प्रोग्रॅम माझेच. चेअरमनसाहेबांनी नारळसुद्धा फोडला.

पहिल्याच दुपारी डेपोचे नाना फोनवर. नाना मूळचे धुळ्याकडचे. चिडले की अहिराणीत शिरायचे.

"भाऊ, हाई काय शे? पाचशे बारा ट्रक!"

"काहीतरीच काय नाना! मी दोन पाठवलेत."

"मंग बठ्ठा जिल्हाना ट्रक इकडे लावू का?"

सगळ्या जिल्ह्याचे ट्रक? मी म्हटलं, लाइन खराब. टेलिफोनवाला खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, "साहेब, लाइन खणखणीत आहे." दुसऱ्या दिवशी तीन पाठवले, पोचले सातशे अडुसष्ट! मोडेम बदलला. केबल बदलली. एक पाठवला, दोनशे छप्पन! डोकं आपटायला भिंत शोधत होतो मी. माझा प्रोग्रॅम चुकेल? छे! हा विचारच मनाला शिवला नाही.

शेवटी वैतागून नानांनाच म्हटलं, "नाना, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

नाना पुन्हा अहिराणीत शिरले.

"मना डोया चांगला शेतस," डोळे ठणठणीत आहेत, एवढंच बजावून त्यांनी फोन आपटला.

आणि काय आश्चर्य! त्यानंतर तक्रारच बंद. ट्रक अगदी मोजून बरोबर. मी चेअरमनसाहेबांना ऐटीत सांगून आलो, "माणसाचाच घोळ होता साहेब. मिटवला."

आठवड्याने एसटी पकडून यावलला गेलो, जरा कौतुक करून घ्यायला. पाहतो तर स्क्रीनवर ठळक आकडा : एक हजार चोवीस! आणि नाना शांतपणे वहीत लिहितायत, चार ट्रक.

"नाना, हे काय?"

"काय म्हंजे? तुमचं मशीन रोज दोनशे छप्पन पट वाढवून सांगतं. मी भागतो. आपलं काम झालं."

दोनशे छप्पन! पायाखालची जमीन सरकली हो. जळगावचं मशीन आकड्याचे दोन तुकडे करून मोठा, म्हणजे दोनशे छप्पनच्या पटीचा, तुकडा आधी पाठवायचं, आणि यावलचा पीसी आधी आलेला तुकडा लहान आणि नंतरचा मोठा समजायचा. उलटा वाचल्यावर दोनाचे पाचशे बारा होणारच! लाइन नाही, केबल नाही, चष्मा तर नाहीच. गाढव मी!

आता हे कबूल करायचं? नानांसमोर? नाना चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात मी पीसीवर तुकड्यांची अदलाबदल करणारी एक ओळ घातली, चहा प्यायलो आणि तोंडातून अवाक्षर न काढता जळगावची एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघात शेतकऱ्यांचा मोर्चाच! केळी कापून बांधावर पडलेली, ऊन मी म्हणतंय, आणि ट्रक एकही नाही. चेअरमनसाहेब लालबुंद. मी घाईघाईने यावलला फोन लावला.

"नाना, आज आकडा आला नाही का?"

"आला ना. दोन आला."

"मग ट्रक?"

"दोनले दोनशे छप्पनने भागलं. एक ट्रकबी निघेना. म्हटलं, आज सुट्टी शे."

मी रिसीव्हर खाली ठेवला. समोर चेअरमनसाहेब टेबलावर मूठ आपटत होते, "पुन्हा ते मशीन बिघडलं ना?"

आता काय सांगणार हो त्यांना? बसवल्यापासून ते मशीन त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर बोललं होतं!