कमरेपर्यंतची रेघ

"खाडीकडची मुलं, उभी राहा."

सहावीत होते मी. हॉलमध्ये अख्खी शाळा बसलेली. वरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे लोक आलेले, मागे स्वच्छतेचा भलामोठा बॅनर. बाईंनी आधी सगळ्यांना विचारलं, पाणी कशाने प्रदूषित होतं? पुढच्या रांगेतल्या एकाने पुस्तकातलं घडाघडा म्हटलं, "लोक पाण्यात कपडे धुतात, भांडी घासतात, गुरं धुतात म्हणून." टाळ्या. आणि मग लगेच बाई म्हणाल्या, खाडीकडची मुलं उभी राहा.

राहिलो उभे. अख्खा हॉल माना वळवून आमच्या पायांकडे बघायला लागला. तोंडाकडे नाही, पायांकडे. आमचे पाय लाल होते, पुळ्या फुटून खपल्या धरलेल्या. युनिफॉर्मचा स्कर्ट आखूड. लपवणार कुठे?

कंपनीच्या साहेबांनी आम्हाला एकेक साबण दिला. हात लांब करून, वडी टोकाला धरून, माझी बोटं लागणार नाहीत अशी. "रोज अंघोळ करायची बरं का बाळा." फोटोवाला म्हणाला, "हसा जरा." मी हसले. मग साहेबांनी खिशातून छोटी बाटली काढली आणि हाताला काहीतरी चोळलं. आमच्यासमोरच.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावरची मुलगी उठून पुढे गेली. "आई म्हणाली तुझ्या बाजूला बसायचं नाही. लागतं." त्या आठवड्यात माझं नाव पडलं, खाजरी. दहावीपर्यंत तेच. दहावीपर्यंत बाकावर मी एकटी. खरं सांगते, दोघींच्या बाकावर एकटीने बसलं ना की तो बाक मोठा मोठा होत जातो.

साबण मी आयेला दिला. तिने मला मागल्या दारी दगडावर उभं केलं आणि नारळाच्या सोडणाने घासघास घासलं. रक्त आलं. मग तिने स्वतःचे पाय पण तसेच घासले. "लोकांत मान खाली घालाय लावू नको गो बाय," म्हणाली. तिला खरंच वाटलं की आपणच घाणेरडे. मलाही वाटलं. सगळ्या वाडीला वाटलं!

आमच्याकडे बायका तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढतात. सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरलं, की खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं. पायाने चिखल चाचपायचा, शिंपला लागला की वाकून काढायचा, टोपल्यात टाकायचा. टोपलं दोरीने कमरेला बांधलेलं, ते आपल्या मागून तरंगत येतं. सुट्टीच्या दिवशी मी पण जायचे. पाणी कधी कोऱ्या चहासारखं, कधी वर जाड फेस, कधी मासे पोटं वर करून. वरच्या कंपन्यांचं पाणी येतं हे शेंबडं पोर पण सांगेल. आणि पहाटेचा तो वास, सडक्या अंड्यांचा, डोळे चुरचुरवणारा. त्या वासात बाबांना दम लागला. आता जेवताना दोन घासांच्या मध्ये थांबतात, श्वास घेतात, मग पुढचा घास. पण तरी आमचे पाय असे का? तर आम्ही अंघोळ करत नाही म्हणून!

मग नववीनंतरची मे महिन्याची सुट्टी. मी मामाकडे पालीला गेले. विहीर आटलेली, एक दिवसाआड अंघोळ, ती पण दोन तांबे. आणि माझे पाय बरे झाले. कमी अंघोळ करून! खपल्या पडल्या, खाली नवी कातडी. मामी म्हणाली, "बघ, पाय कसे छान झाले तुझे." मी नुसती पायांकडे बघत बसायचे.

परत आले, एका सुकतीला खाडीत उतरले. संध्याकाळी आग आग. मोरीत उभी राहून मी पहिल्यांदा नीट बघितलं. कमरेला रेघ होती. टोपल्याची दोरी जिथे बांधते तिथपर्यंत पुळ्या, त्याच्या वर काहीच नाही. कातडी स्वच्छ. आयेच्या कमरेला पण तीच रेघ. मी हसले, मग रडले. सांगणार कोणाला? बाकावर कोणी नव्हतंच.

आता या वर्षीचं सांगते. मी रत्नागिरीला कॉलेजात आहे, हॉस्टेलला. दिवाळीत घरी आले तर देवळाच्या मंडपात त्याच कंपनीचं आरोग्य शिबिर. दादा, माझा भाऊ, त्याच कंपनीत ठेकेदाराकडे होता. त्याने मला बाजूला घेतलं. "तुला माइकवर बोलवतील. वाडीत शिकलेली तूच. फक्त आभार मान, दोन वाक्यं. मला पर्मनंट करतायत गो, घाण करू नको."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं.

मग आयेचा नंबर आला. डॉक्टरने टेबलाच्या पलीकडूनच पाय बघितले. हात नाही लावला. "मावशी, साबण लावता का?"

आयेची मान खाली. "लावतंय ओ."

"नीट लावत जा."

आणि तिच्या हातात साबण. मग माझ्या पण. आणि मग माइक.

मी म्हटलं, "साबण मी मानेपासून पायापर्यंत लावते. मग पुळ्या कमरेपर्यंतच का येतात? जिथपर्यंत तुमचं पाणी लागतं तिथपर्यंतच येतात. हा साबण तुमच्या पाइपाला लावा." आणि वडी टेबलावर ठेवली.

कंपनीचे साहेब हसले. "व्हॉट्सॲपवर वाचतात आणि बोलतात." तर आमचीच माणसं हसली! पहिला हसला माझा सख्खा काका. "शाणी झाली," मागून कोणीतरी.

आये उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती टेबलाकडे गेली, मी ठेवलेली वडी उचलली आणि पदरात घेतली. "वाया कशाला घालवायची," इतकंच. माझ्याकडे बघितलं पण नाही.

दादाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं. "सध्या काम नाय." त्या दिवसापासून मी पानावर बसले की तो उठतो. बाबा दोन घासांच्या मधला श्वास घेत त्याच्या रिकाम्या पानाकडे बघतात. आये एकदाच बोलली, "तुझ्या बोलण्यान पाणी सुधारला काय?" नाही सुधारलं.

परवा सुकतीला मी उतरले. बायका माझ्यापासून लांब सरकल्या. आये पण त्यांच्यातच. माझ्या भोवती नुसतं पाणी, मागे टोपलं. तोच बाक परत. फरक एवढाच की आता मला माहितीय घाण कोण आहे.

पुढचं शिबिर होणारच. मला माइक कोणी देणार नाही. नको. मी खाडीतून थेट येणार आहे. पाय न धुता, कमरेपर्यंत भिजलेली, चिखलासकट. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहणार आणि हात पुढे करणार.

धरा म्हणणार. ही तुमचीच घाण आहे, धरा.