सव्वा महिन्याचा मुक्काम

सामानाचा टेम्पो गेटला लागला, तेव्हा मागच्या खोल्यांसमोरच्या तारेवर बाळाची दुपटी वाळत होती. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. टेम्पोच्या पुढे बसलेला माणूस खाली उतरला. आधी त्याने तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सिस्टर, खोल्या रिकाम्या नाहीत?"

मी आधी गेट उघडलं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. नोकरीची बहुतेक वर्षं कळमनुरीला बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. रिटायर झाल्यावर हिंगोलीतल्या माझ्या घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. उरलेलं आयुष्य पाय पसरून बसायचं, एवढाच त्यामागचा विचार. घरमालकाला पाय पसरायला वेळ मिळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मागे गंगाधर राहत होता. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, हळदीच्या वजनकाट्यावर काम करायचा. माणूस सरळ. आमचा अकरा महिन्यांचा करार होता. भाड्याचे करार सहसा असेच असतात, म्हणजे वर्ष भरायच्या आत दोघांनाही मोकळं होता येतं. मुदत संपत आली तेव्हा गंगाधर स्वतःहून म्हणाला, "सिस्टरबाई, सेनगावच्या रोडला घर बांधून राहिलो. एक तारखेला तुमच्या खोल्या खाली करतो." मी त्या शब्दावर नांदेडहून बदली होऊन येणाऱ्या महेशला होकार कळवला.

मधल्या काळात गंगाधरची लेक मीना पहिल्या बाळंतपणासाठी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीतच. डॉक्टरांनी दिलेली तारीख मी स्वतः कागदावर पाहिली. एक तारखेनंतर पंधरा दिवसांची होती. म्हणजे ही मंडळी आधी नव्या घरात जातील आणि बाळंतपण तिकडेच होईल, असा मी सरळ हिशोब केला. बाळ तारीख पाहून येत नाही, हे मी शेकडो बायकांना सांगितलेलं. स्वतःच्या खोल्यांचा विषय आला आणि नेमकं तेच विसरले.

मीनाला तीन आठवडे आधीच कळा आल्या. मुलगी झाली. वजन कमी होतं, पण रडणं खणखणीत. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर ती माझ्या मागच्या खोलीत येऊन निजली. एक तारीख तोंडावर आली होती.

मी महेशला फोन केला. "थोडे दिवस थांबता येईल का?"

"नाही हो सिस्टर. इथल्या खोलीत नवीन भाडेकरू उद्याच येतोय. टेम्पोही ठरवलाय."

मग मी मागे गेले. गंगाधरची बायको सुमन शेगडीत निखारे घालत होती.

"सुमन, पोरीला आता हलवता येतं. गाडी मी बघते. सव्वा महिना एका जागी पडून राहावं असं काही नसतं."

"ते तुमच्या दवाखान्यात, सिस्टरबाई." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरगी झाली म्हणून सासरचे आधीच फुगून बसलेत. बाळंतीण हालवली आन् लेकराला काही झालं, तर माझ्या मीनाला बोलणी खावी लागतील. जन्मभर."

"अगं, पण करार..."

"आमी कुठं न्हाई म्हणून राहिलो? नव्या घराला आजून दारं न्हाईत. गिलावा ओला हाय. तुमीच सांगा, तिथं निजवता का हे लेकरू?"

सव्वा महिन्यावर मी तिच्याशी दिवसभर भांडले असते. पण थंडीचे दिवस, ओल्या भिंती, दारं नसलेलं घर आणि कमी वजनाचं बाळ. वॉर्डात कोणी अशा घरी जायला निघालं असतं, तर मीच सुट्टीचा कागद अडवला असता. मला सुमनचा राग आला आणि तिचं म्हणणंही पटलं. दोन्ही एकदम झालं की माणूस फार थकतो.

आणि आता टेम्पो दारात उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, "बाई, उतरवू का परत नेऊ? मला मोंढ्यात जायचंय." महेशची बायको अश्विनी खाली उतरली आणि ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. तोंडाला पदर लावून बाजूला ओकली.

"गाडी लागली," महेश म्हणाला.

मी तिला लिंबूपाणी दिलं. तिचा पांढराफटक चेहरा पाहून माझ्याच तोंडून निघून गेलं, "सामान माझ्या घरात उतरवा. मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या की तुम्ही तिकडे जा. सव्वा महिन्याचा प्रश्न आहे."

"आणि तुम्ही?" अश्विनीने विचारलं.

"माझं बघते मी."

माझं म्हणजे अंगणाच्या कडेची पत्र्याची खोली. बांधकामाच्या उरलेल्या फरश्या आणि मोडका कूलर तिथे होता. तिथेच मी खाट टाकली. रात्री पत्रा गार पडायचा, पहाटे बाळ रडायचं. मी उठून जायचे, कारण झोपमोड झाल्यावर पडून राहणं मला नोकरीपासून जमत नाही. बाळाला अंगाशी कसं धरायचं ते मीनाला दाखवायचे. सुमन डिंकाचा लाडू हातावर ठेवायची. माझ्याच घराच्या मालकिणीसारखी अश्विनी मला चहाला बोलवायची. मी माझ्याच खुर्चीवर पाहुणी म्हणून बसायचे आणि चहा चांगला झाल्याचं सांगायचे.

बाळाने वजन धरलं. बारसं झालं. सासरची माणसं आली, बाळाला घेऊन फोटो काढले. पोरीचं नाक आपल्यावर गेलंय, यावर दोन्ही घरांत वादही झाला. मीनाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. फार बरं वाटलं. सव्वा महिना झाल्यावर गंगाधरने बोलल्याप्रमाणे खोल्या खाली केल्या. जाताना नमस्कार करून म्हणाला, "लई तकलीफ दिली तुमाला."

मी दुसऱ्याच दिवशी खोल्यांना चुना मारून घेतला. फरशी धुतली. संध्याकाळी पुढच्या दाराची कडी वाजवली. माझ्याच दाराची.

"महेश, खोल्या तयार आहेत. उद्या सामान हलवू."

त्याने अश्विनीकडे पाहिलं. अश्विनीने फरशीकडे.

"सिस्टर, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "हिला पाचवा लागलाय. हिची आई म्हणते, पोटुशी बाईने घर बदलू नये. अंगणातल्या अंगणातसुद्धा नाही."

"सिस्टर, मी मानत नाही हो," अश्विनी घाईने म्हणाली. "पण मागच्या वेळी घर बदललं आणि बाळ टिकलं नाही. आईने तेव्हाही सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. या वेळी बदलीमुळे यावंच लागलं, पण आता पुन्हा हलायची भीती वाटते." तिचे डोळे भरले होते.

अशा भीतीवर औषध नसतं. निदान मला नोकरीत कधी सापडलं नाही. मी बरं म्हटलं आणि पत्र्याच्या खोलीतून खाट उचलून मागच्या दोन खोल्यांत नेली. सध्या मी तिथेच राहते. पुढे तिचं बाळंतपण, मग सव्वा महिना. अश्विनीला माहेरी जायचं नाहीये. सिस्टर घरातच आहेत म्हणते.

नव्या घरमालकांना माझं एकच सांगणं आहे. भाडेकरूचा पगार आणि आधार कार्ड नंतर बघा. आधी घरातल्या बायांना पाळी कधी आली होती ते विचारा. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. वॉर्डात दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीला मी सगळ्यात आधी तेच विचारायचे. अश्विनी पायरीवर ओकत होती, तेव्हा मात्र मी तिला फक्त लिंबूपाणी दिलं.