सत्तेचाळीस नंबरचा चिरंजीव

संस्थेत सगळे त्याला आकडेभाऊ म्हणत. प्रयोगशाळेतले उंदीर काय खाऊन किती जगले, हे एका भल्यामोठ्या तक्त्यात भरायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. तेवढ्या वर्षांत तक्त्यात एक आकडा चुकला नाही, आणि एकही उंदीर त्याने डोळ्यांनी पाहिला नाही. तळमजल्यावरून कागद वर यायचे, हा कधी खाली जायचा नाही. उंदरांना घाबरायचा तो, आता लपवायचं कशाला!

या तक्त्यातच त्याला सत्तेचाळीस नंबर भेटला. बाकीचे उंदीर दोन-अडीच वर्षांत गाशा गुंडाळायचे, हा पठ्ठ्या सहा वर्षं टिकून होता. एक दिवस जेवण, एक दिवस नुसतं पाणी, एवढंच त्याचं पथ्य. शिवाय दर दीडेक वर्षाने त्याचं वजन एकदम अर्ध्यावर यायचं आणि मग वाढत्या पोरासारखं चढत जायचं. आकडेभाऊने शेरा मारला, 'तारुण्य परतत असावे.'

शेरा मारून गप्प बसला असता तर बरं. पण गेले आठ महिने हा गृहस्थ स्वतःही एक दिवसाआड जेवत होता. गालफडं बसली, पँट कमरेवर ठरेना, आणि उपाशी दिवशी घरात चमचा पडला तरी हा अंगावर यायचा. बायको बिचारी त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून जेवायची.

"तुम्ही शंभर वर्षं जगाल हो," ती म्हणायची. "पण हे तोंड शंभर वर्षं मला बघायचंय."

"सत्तेचाळीस बघ. करतो का कधी तक्रार?"

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, उद्या शोधनिबंध पाठवायचाय, सत्तेचाळीसचा फोटो काढून आणा. मॅडम संस्थेच्या प्रमुख, त्यांना नाही कोण म्हणणार? शिवाय आकडेभाऊचा ऊरही भरून आला होता. गुरूचं दर्शनच ते. उपाशी पोटीच तो तळमजल्यावर उतरला.

पिंजऱ्यात एक गुबगुबीत उंदीर चाकावर धावत होता. कार्डावर लिहिलं होतं, 'सत्तेचाळीस. डावा कान फाटका.' याचे दोन्ही कान धडधाकट.

"मावशी, कानसुद्धा परत उगवला का याचा?"

पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फाटक्या कानाचा जाऊन जमाना झाला. त्याच्यानंतर तीन गेले. हा पाचवा."

"आणि कार्ड?"

"कार्ड पिंजऱ्याचं असतं ना? भाडेकरू मेला म्हणून कोणी घराचा नंबर बदलतं का? आणि ते बघा, भिंतीवर तुमच्याच लोकांनी लिहिलंय, पिंजरा रिकामा ठेवू नये."

आकडेभाऊ तिथेच स्टुलावर बसला. चार उंदीर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दीड वर्ष. पोटभर खाणारे याच्याहून जास्त जगत होते! आठ महिन्यांतली एकेक हुकलेली थाळी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि त्याला खरोखर रडू आलं.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. मावशी काही शोधनिबंध वाचत नाहीत. मॅडमचा मथळा तर कधीच टाइप झाला होता. पण बावीस वर्षांत न चुकलेला तक्ता असा नासवायचा, हे त्याच्याने होईना. वर जाऊन त्याने सहा वर्षांवर काट मारली, खाली चार ओळी लिहिल्या आणि कागद मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी तो वाचला. मग म्हणाल्या, "घरी जा. जेवा काहीतरी."

घरी स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. त्याने ते ढकललं, पाट ओढला आणि म्हणाला, "वाढ."

बायकोचा घास हातातच राहिला. "अहो, आज पाण्याचा दिवस ना?"

"सत्तेचाळीस वारला."

"अगं बाई. कधी?"

"चार वेळा," असं म्हणून त्याने तिच्याच ताटातला बटाटा उचलला.