हवामान उद्यानाची साफसफाई

आमच्या सासुरवाडीला एकदा ऐन मार्चमध्ये पाऊस पडला. तो मी पाडला होता.

हे नीट सांगायला हवं, कारण गावात याच्या बऱ्याच हकिकती फिरतात आणि सगळ्यांत मी वेडा ठरतो. (खरी हकिकत ऐकल्यावर वेगळं काही वाटेल, अशी आशा ठेवू नका.)

माझी बायको विजया कुरुंद्याजवळच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. तेच तिचं माहेर. शाळेमागे एक पडीक तुकडा होता. बाभळीची झुडपं आणि फुटक्या बाटल्या, दुसरं काही नाही. विजयानं पोरांना हाताशी धरून तो साफ केला आणि तिथं हवामान उद्यान उभं केलं. "ढग वर हायेत आन् लेकरं खाली मान घालून पुस्तकात ढग बघून राहिलेत, हे काहून?" असं तिचं म्हणणं.

उद्यान बघण्यासारखं होतं! पाऊस मोजायचं बाटलीवरचं नरसाळं, म्हणजे पर्जन्यमापक. जाळीदार पांढऱ्या पेटीत दोन तापमापक. आणि खांबावर पत्र्याचा कोंबडा, वारा येईल तिकडं चोच फिरवणारा. पुस्तकात त्याला वातकुक्कुट म्हणतात; पोरं त्याला सरपंच म्हणत. रोज सकाळी सहावीची पोरं नोंदी घेत आणि रस्त्याकडच्या फळ्यावर हवामानाचा अंदाज लिहीत. तो वाचल्याशिवाय आमचे सासरे हळद वाळत घालत नसत. मी त्यांना मामा म्हणतो. मामा म्हणायचे, "टीव्हीवाला मुंबईचं सांगतो. आमच्या पोरी आमच्या खळ्याचं सांगतात!"

अशी उद्यानं आणखी शाळांत करावीत का, हे ठरवायला एक मोठे साहेब येणार होते. आदल्या संध्याकाळी विजया मला म्हणाली, "अहो, उद्या साहेब येऊन राहिलेत. जरा फडकं मारा. पण कशाला हात लावू नका."

फडकं मारायचं आणि हात लावायचा नाही, हे दोन्ही एकदम कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही.

माझं वसमतला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. फडक्यानं काय होतंय? मी बादली घेतली, धुण्याची पावडर घेतली आणि कामाला लागलो. पर्जन्यमापक आतून-बाहेरून असा धुतला की विचारू नका! पेटी उघडली, तर एका तापमापकाच्या बुडाला कुणीतरी ओलं चिंधूक गुंडाळलेलं. काय हा गलथानपणा! मी ते फेकून दिलं आणि तापमापक कोरडा केला. शेवटी कोंबडा. तो साहेबांच्या खुर्चीकडं पाठ करून उभा होता. पाहुण्याकडं पाठ? मी त्याला वळवला आणि तारेनं पक्का आवळला. एवढं सगळं करून छाती फुगवून घरी आलो.

सकाळी शाळेत गेलो, तर फळ्यावर लिहिलेलं: "पाऊस: मापात मावेना. हवेत दमटपणा: काठोकाठ. वारा: पूर्वेचा, जागचा हलत नाही. अंदाज: बाईंना विचारून सांगू."

बाई साहेबांना आणायला फाट्यावर गेल्या होत्या.

रस्त्यानं जाणाऱ्या एकानं ते वाचलं आणि सायकल तशीच गावाकडं वळवली. "शाळेच्या यंत्रात पाऊस आला रे!" गावभर शिजवलेली हळद वाळत पडलेली. ती भिजली की रंग गेला आणि वर्षाची मेहनत गेली. बायका पदर खोचून धावल्या, गडी ताडपत्र्या घेऊन धावले. वर आभाळ तर घासलेल्या ताटासारखं लख्ख! पण वर बघायला सवड कुणाला? कळमनुरीहून साडूचा फोन आला, "भाऊजी, गारा केवढ्या व्हत्या हो?"

मामांची ताडपत्री कमी पडली. ते शाळेत आले, साहेबांसाठी बांधलेला मंडप पाहिला आणि दोऱ्या सोडायलाच लागले.

"मामा, साहेब येतील!"

"साहेब वाळवता येतात, जावईबापू. हळद न्हाई!"

तेवढ्यात जीप आली. विजया आणि साहेब उतरले, तेव्हा साहेबांचा मंडप चार माणसांच्या खांद्यावरून खळ्याकडं निघाला होता.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"पाऊस आलाय, साहेब!" मामा ओरडले.

साहेबांनी घाम पुसत वर बघितलं. "कुठाय?"

"यंत्रात!"

विजयाचा चेहरा उतरला. सहा महिने ती त्या तुकड्यात राबली होती. मी हळूच पोरांच्या मागं सरकलो. (धैर्य ही माझी खासियत नाही.)

मग सहावीतली आरती पर्जन्यमापकाची बाटली घेऊन पुढं आली. "बाई, हा पाऊस खोटा हाय."

"कशावरून?"

तिनं बाटली हलवली. "पावसाला फेस आलाय."

साहेबांनी वास घेतला. "धुण्याच्या पावडरीचा वास येतोय!"

झालं! पोरं उद्यानभर पांगली. एकजण ओरडला, "बाई, भोवतालची माती कोरडी हाय!" दुसरी म्हणाली, "तापमापकाचं ओलं फडकं कुणी तरी काढलंय. मंग दोन्ही सारखंच दाखवणार की!" (ते चिंधूक मुद्दाम ओलं ठेवतात. हवा कोरडी असली की त्यातलं पाणी भराभर उडतं, तो तापमापक उतरतो आणि त्यावरून दमटपणा कळतो. हे मला त्या दिवशी सहावीनं शिकवलं.) तिसरा खांबावर चढला. "सरपंचाला बांधून ठेवलंय! पंख्याच्या वाइंडिंगची तार हाय!"

मामांनी मंडप खाली ठेवला. "आता वाइंडिंगची तार गावात कोण आणतंय?"

सगळे वळले. मी आभाळाकडं बघू लागलो. तिथं लपायला एक ढगही नव्हता.

"मी... जरा साफसफाई केली," मी म्हणालो.

मला वाटलं, आता विजया मला खांबावर बांधणार. पण ती पोरांकडं वळली. "मंग यंत्रं खोटं बोलली का रे?"

"न्हाई बाई," आरती म्हणाली. "जे झालं तेच सांगितलं त्यांनी. आमीच आधी वर बघायला पाहिजे व्हतं."

"बराबर. एका यंत्रावर विसंबायचं न्हाई. आभाळ बघायचं, माती बघायची, मंग लिहायचं."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की माझा सगळा गोंधळ जणू तिनंच धड्यासाठी मांडला होता! साहेब भारावून गेले. "बाई, अंदाज सांगणारी मुलं पुष्कळ पाहिली. चूक शोधणारी आज पाहिली. अशी उद्यानं सगळीकडं झाली पाहिजेत." मला बायकोचा असा अभिमान वाटला, की आपण आरोपी आहोत हेही क्षणभर विसरलो.

निघताना साहेबांनी पोरांना शेवटचा प्रश्न विचारला, "बरं, मला सांगा, अलीकडं पृथ्वीचं हवामान कशामुळं बिघडत चाललंय?"

"माणसामुळं, सर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

साहेबांनी चष्मा सारखा करून मला नीट न्याहाळलं आणि त्यांना पूर्ण मार्क दिले.