कुलूपबंद हॉलमधला गारवा

समूहगायनाच्या मंडळात त्यांना सगळे कानसेन म्हणत. पियानो सुरात लावायचा त्यांचा धंदा, एकतीस वर्षांचा. तार केसभर सरकली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि ती आठी सगळ्यांना दिसावी म्हणून ते नेहमी पहिल्या रांगेत बसत.

उन्हाळे दरवर्षी जास्तच तापू लागले, तेव्हा मंडळाने ठरवलं की पृथ्वी वाचवायची नुसती गाणी म्हणून भागायचं नाही, आपली वीजही कमी करायची. अशा कामाला पुढारी लागतो. कानसेनांनी हात वर केला. वीस मिनिटं भाषण ठोकलं, जिन्यातले दिवे काढले, चहाची विजेची किटली जप्त केली. घरी तर ते आधीपासूनच कट्टर. बायको दहा वर्षं एसी मागत होती. "पुढच्या पिढ्यांना काय तोंड दाखवायचं?" असं म्हणून ते कुशीवर वळत आणि घोरू लागत.

बायकोही मंडळात गायची. एका भर दुपारी तिने त्यांना मंडळाच्या हॉलच्या मीटरपाशी नेऊन उभं केलं. हॉलला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि मीटर सुसाट.

"अहो, हा कुणासाठी पळतोय?"

कुलूप काढलं. आत गारेगार. पियानो मखमली झूल पांघरून निवांत. एसीच्या बटणाशेजारी कागद चिकटवलेला : 'कधीही बंद करू नये. हवा बदलली की सूर बिघडतो.' खाली अकरा वर्षांपूर्वीची झोकदार सही. कानसेनांचीच.

"म्हणजे इतकी वर्षं ह्याला गारवा आणि मला घाम," बायको म्हणाली. "सवत आणायचीच होती, तर चालती-बोलती तरी आणायची!"

"अगं, लाकूड आहे ते. दमट हवेत फुगतं."

"आणि मी काय लोखंडाची आहे?"

कार्यक्रम दोन महिन्यांवर आला होता. आपण लावलेला पियानो भर सभेत बेसूर वाजला, तर एकतीस वर्षांची अब्रू मातीत. तरीही त्यांनी बटण बंद केलं. पृथ्वीसाठी म्हणावं तर तसंही नाही. बायको शेजारी उभी होती.

मग दर आठवड्याला ते घामाघूम होत तारा पिळत बसले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीही पियानो सुरात लावला. संध्याकाळी हॉल गच्च भरला, हवा कोंदली, आणि तिसऱ्या गाण्याला मधले सूर चढले. आता माना वळणार, लोक हसणार! त्यांनी चोरून मागे पाहिलं. लोक डोलत होते.

शेवटी गाणं बसवणाऱ्या बाई धावतच आल्या. "कानसेन, आज पियानो काय लागला होता! असा कधी ऐकलाच नव्हता."

त्यांना रडूच यायचं बाकी होतं. अकरा वर्षं अख्खा हॉल गार ठेवला तो दोन कानांसाठी, आणि ते दोन्ही कान त्यांचेच निघाले.

"बिघडला होता ना?" लोक पांगल्यावर बायकोने विचारलं.

"तुला कळलं?" त्यांना एकदम आशा वाटली.

"छे! तुमची आठी दिसली."

ते हसू लागले, इतके की खाली बसावं लागलं. मग उठून बटणाजवळचा तो कागद काढू लागले. निघेना, चिकटवण्यातही त्यांनी कसर ठेवली नव्हती. बायकोने पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाकडून नखाने खरवडायला घेतलं.