मैदान कोरडं राहिलं ती दुपार

आधी मावशीचं सांगतो, मग माझं.

मावशी म्हणजे आमच्या उद्यानातली माळीकाम करणारी बाई. घाटकोपरच्या पूर्वेला नाल्याला लागून ते मोठं उद्यान आहे. तिथलं गवत कापण्यात आणि झाडांना आळी करण्यात तिची तीसेक वर्षं गेली. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणाकडचं, जन्म मात्र मुंबईतच. पहिल्या दिवशी मी तिला अहोजाहो केलं तर म्हणाली, "मावशी म्हणतंस आणि वर अहो कित्याक रे? मी काय बँकेत आसंय?" तेव्हापासून ती मावशी आणि तू. आज मी मुंबईत टिकून आहे आणि कामाच्या जागी मान वर करून उभा राहतो, ते तिच्यामुळे. हे शेवटी लिहीन म्हटलं असतं तर सांगता सांगता राहून गेलं असतं. म्हणून पहिल्यांदा.

आता माझं. मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. सातवीनंतर शाळा सुटली. वडिलांची कंबर धरली, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कुणीतरी उतरायला हवं होतं, मी उतरलो. पुढे मातीकामाच्या टोळीबरोबर फिरत फिरत मुंबईला आलो आणि या उद्यानाच्या कामावर आठ माणसांचा मुकादम झालो. मुकादम झालो खरा, पण नकाशा मला वाचता येत नव्हता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इंजिनियर मॅडम कागद पसरून बोट फिरवायच्या. मी "हो मॅडम, कळलं मॅडम" म्हणायचो आणि त्यांचं बोट कुठे थांबतंय तेवढं लक्षात ठेवायचो. रोज सकाळी कामावर येताना तेच डोक्यात. आज काही विचारलं तर? गावी परत पाठवलं तर? गावात सगळ्यांना सांगून आलो होतो की मी मुकादम आहे.

उद्यानाचं काम नुसतं सजावटीचं नव्हतं. फुटबॉलचं जुनं मैदान खोल करायचं होतं. एरवी पोरांनी त्यात खेळायचं, आणि मोठा पाऊस झाला की नाल्याचं वाढलेलं पाणी काही तास त्या मैदानाने पोटात घ्यायचं, असा बेत होता. चालायचा रस्ता उंचावर, कडेला जांभूळ, करंज, अर्जुन. नाल्याच्या बाजूने गवताचा लांब बांध. मॅडमनी हे सगळं मला दोनदा समजावलं होतं. पाणी मैदानात येणार एवढं डोक्यात शिरलं. ते कुठून येणार, हे मी विचारलं नाही.

बांधाला एका जागी दोन-तीन माणसं आडवी झोपतील एवढं तोंड ठेवलेलं होतं. खाली घट्ट बसवलेले दगड. त्यावरून आमचे डंपर माती घेऊन आत यायचे. मला वाटलं, चाकं रुतू नयेत म्हणून दगड लावलेत. मातीच्या गाड्यांचं काम संपलं तसं मी ते तोंड बुजवायला घेतलं. मॅडम त्या आठवड्यात बोरिवलीच्या दुसऱ्या कामावर होत्या. विचारायला फोन होता की हातात. पण हे काय विचारायचं, असं वाटलं. आमच्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, उघडा टाकून कुणी घरी जात नाही. उघड्या धुऱ्यातून एका पावसात सगळी बांधी रिकामी होते आणि शेजारी वर्षभर बोलत राहतो. वडील तर संध्याकाळी परत येऊन हाताने चाचपायचे, कुठे फट राहिली का म्हणून. मी तसंच केलं. थर टाकले, धुमुसाने ठोकले, वर हरळीचे चौकोन बसवले. शेवटी हाताने चाचपलं. फार बरं वाटलं त्या दिवशी.

पाचव्या दिवशी पाऊस लागला. जुलैतला होता, सकाळपासून एकसारखा. दुपारी भरती होती, त्यामुळे नाल्याचं पाणी पुढे सरकेना. ते काळं पाणी पायरी पायरीने वर येत होतं. आमची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये बसली होती. मी दारात उभा राहून मैदानाकडे बघत होतो. मैदानात पावसाचीच डबकी होती, बाकी काही नाही.

तेवढ्यात मावशी आली. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात पहार. उद्यानाच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या खालच्या अंगाला बैठ्या खोल्यांची एक रांग आहे. त्यातली शेवटची खोली तिची. नवरा वर्षभर खाटेवर होता, उठवलं तरच उठायचा. हे मला माहीत होतं. तिच्या खोलीत मी कैकदा चहा प्यालो होतो.

"मैदान सुका कसा रे?" तिने विचारलं.

मी शेडच्या दारातून बाहेर आलो.

"नाला भरलो हा. आमच्या गल्लीत पाणी पायरीक लागला. ह्या मैदानात येवक व्हया ना आता? मॅडम तसाच सांगी होती."

"येईल ना मावशी. अजून वेळ असेल."

"खयसून येतला?"

आणि त्या क्षणी मला कळलं. तिने विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते दगड आले. दगड डंपरसाठी नव्हते. पाणी जोरात येताना माती धुऊन जाऊ नये म्हणून होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी म्हणालो. खोटं बोललो. समोर तिचं घर बुडत होतं आणि मला माझ्या मुकादमकीची पडली होती. मॅडम येतील, विचारतील, सगळं बाहेर येईल, संध्याकाळी गाठोडं बांधायला सांगतील. एवढंच डोक्यात फिरत होतं.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग बांधाच्या कडेने चालायला लागली. मीही मागे गेलो, का ते माहीत नाही. ती वाकून गवत बघत चालली होती. बुजवलेल्या जागी थांबली. इतर गवत गर्द झालं होतं, तिथल्या चौकोनांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. तीस वर्षं गवतात गेलेल्या बाईला आणखी काय दाखवायला लागणार?

"ह्या कोणी बुजवल्यान?"

"मी."

"कित्याक?"

"मला वाटलं राहून गेलंय."

मला वाटलं, आता ही शिव्या घालेल. तिने हातातली पहार वर केली आणि बांधाच्या मधोमध मारायला गेली. पलीकडे नाल्याचं पाणी बांधाच्या कडेला टेकलेलं होतं.

"मावशी, मधे नको," मी तिचा हात धरला. "मधे उभी राहिलीस तर बांध एकदम सुटेल, तू पाण्याबरोबर खाली जाशील. बाजूला ये. वरून थोडं थोडं काढायचं. एका कडेने."

"मगे काढ ना. बघतंस काय?"

शेडमधून माणसं बोलावली. मी दोन्ही कडांना दोन-दोन माणसं लावली, कमरेला दोर बांधला, समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. ओली माती फावड्याला चिकटून येत होती. मी स्वतः ठोकलेली माती. इतकी घट्ट बसवली होती की कुदळ उडत होती. टोळीतला एक जण म्हणाला, "मुकादम, कुणी ठोकलीय ही, यार? हात पडले." त्याला माहीत होतं कुणी ठोकलीय. कुणी हसलं नाही.

भिंतीपलीकडून बायकांचा आवाज यायला लागला होता. भांडी उचलल्याचे, मुलांना हाका मारल्याचे आवाज. मावशी एकदाही तिकडे वळली नाही. घमेल्याने माती ओढत होती. मी म्हणालो, "तू घरी जा, काका एकटे आहेत." ती म्हणाली, "घरी जावन मी पाणी पितलंय? हयसर काढ." आणि पुढचं घमेलं भरलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वरच्या थरातून हाताच्या रुंदीचं पाणी निसटलं. ते खालची माती स्वतःच कापत गेलं. "मागे व्हा सगळे," मी ओरडलो. दोन्ही कडा ढासळल्या आणि दगडांवरून पाणी मैदानात उतरलं. काळं, घाण, थर्माकोल आणि बाटल्या घेऊन. गोलपोस्टाचे पाय बुडाले. मैदान भरत गेलं तसा नाला आधी थांबला आणि मग नाल्याच्या भिंतीवरची ओली रेघ हळूहळू उघडी पडायला लागली.

तेव्हा कुठे मावशी घराकडे पळाली. मी तिच्या मागे.

गल्लीतल्या पहिल्या खोल्यांना पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. तिची खोली सगळ्यात खाली, गल्लीपेक्षा हातभर खोल. आत घोट्याच्या वर पाणी. शेजारणींनी खाटेच्या चारी पायांखाली रंगाचे डबे सरकवले होते. काका वर कोरडे, छातीशी औषधांची पिशवी धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "मुकादम, चहा नाय गावाचो आज." मी दारातच खाली बसलो. रडायला आलं, पण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

मॅडम तासाभराने आल्या. बांध बघितला, उकरलेली माती बघितली. "इनलेट कोणी बंद केला?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "तो सांगतलो. पण मॅडम, त्याच्याआधी माझा ऐका. कागदावर तोंड आसतला. जमिनीवर खूण खय होती? आमका कोणी येवन सांगितल्यान, ह्या पाण्याचा तोंड, हात लावू नको म्हणान?"

मग मावशी माझ्याकडे वळली. "आता तू बोल. सगळा."

मी सगळं बोललो. तोंड मी बुजवलं. मावशीशी खोटं बोललो. नकाशा मला वाचता येत नाही, पहिल्या दिवसापासून येत नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना टोळीतली माणसं ऐकत होती. मॅडमनी रेनकोटाची टोपी मागे केली.

"चूक माझीही आहे," म्हणाल्या. "पण खोटं 'कळलं' पुन्हा म्हणालात तर त्या दिवशी काम संपलं. उद्यापासून आधी जमिनीवर चुना, मग फावडं. आणि प्रत्येक रेघ मला चालून दाखवायची."

मी राहिलो. का राहिलो ते मला पक्कं ठाऊक आहे. मावशीने आधी माझी बाजू सांगितली आणि मग मला खरं बोलायला लावलं. हेच उलट्या क्रमाने झालं असतं तर माझी जीभ उचललीच नसती.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा घेऊन शेडमध्ये यायची. "हाड हयसर तो कागद. माका समजाव." तिलाही नकाशा कळत नव्हता. ती विचारायची, ही तुटक रेघ काय, हा आकडा कसला, माझी करंज खय आसा ह्यात. मला उत्तर यायचं नाही. मग संध्याकाळी मॅडमना विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायचं. एकदा मी चढाच्या जागी उतार सांगितला. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तुझ्या कागदात पाणी डोंगरार चढता काय रे?" अशा रीतीने मी शिकलो. तिला शिकवता शिकवता. तिने हे मुद्दाम केलं की तिला खरंच करंज शोधायची होती, ते मी कधी विचारलं नाही.

आता त्या तोंडाच्या दोन्ही कडांना पांढरे दगड आहेत. मोठा पाऊस झाला की मैदान भरतं, दोन दिवसांनी पोरं चिखलात खेळतात. मी अजूनही पावसात झोपत नाही नीट. पाणी चढलं की आधी मैदानाकडे जातो, ओलं दिसलं की मगच श्वास सोडतो.

मावशीची खोली मात्र अजून तशीच, गल्लीपेक्षा हातभर खाली. त्या पाण्याने भिंतीवर सोडलेली रेघ तिने पुसलेली नाही, वर रंगही दिला नाही. मी म्हटलं, खोलीची जमीन वर घेऊ या, भराव मी टाकतो, लादी मी बसवतो, उंबरा उंच करतो. म्हणाली, "आधी ह्या माणसाक खाटेवरसून उठव, मगे जमीन वर काढ." काका हसले. मी हसलो नाही.

लादी बसवायला अजून मला नीट येत नाही. एका गवंड्याच्या हाताखाली रविवारी शिकतोय. त्या खोलीची जमीन मी वर घेणार आहे, मावशी. थोडा वेळ लागेल, पण घेणार.