पंपाचा आवाज नवा होता

अमरावतीच्या वानखडेकाकांचं नाव आधी लिहितो, बाकीचं नंतर. गिअरबॉक्सच्या कामातला मोठा माणूस. त्यांनी एकदा माझी लाज राखली म्हणून आज मी मस्कतच्या गॅरेजात चार माणसांच्या वर आहे. नाहीतर नववीत शाळा सोडलेल्या दर्यापूरकडच्या माणसाला इथं कोण विचारतं. गेल्या महिन्यात दुपारी डबा उघडला होता, तेवढ्यात त्यांचा फोन आला. "बसेल आहेस ना? ... अकोल्याचा इस्माईल गेला रे बापू." इस्माईल म्हणजे माझे उस्ताद. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. सुट्टी मिळाली नाही, मातीला जाता आलं नाही. आणि खरं सांगतो, रडू येण्याच्या आधी मनात एकच प्रश्न आला... त्या पंपाचं उस्तादांना कळलं होतं का?

उस्तादांचा कोणावर विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं की तेल परवाच बदललं, तर ते तेलाची काडी काढून पांढऱ्या फडक्यावर थेंब टिपायचे, वास घ्यायचे आणि त्याच्याकडे न बघता विचारायचे, "परवा म्हंजे कोणत्या सालचा?" ऑटोमॅटिक गाडीत सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब देणारा पंप तळहातावर मावेल एवढा. "हा सोता मरत नाही, याले मारतात," असं ते म्हणायचे, आणि मारणाऱ्यांत मालक, ड्रायव्हर, मेकॅनिक सगळेच आले. जळकं तेल तसंच चालवायचं, आतली जाळी बुजली तरी बदलायची नाही, थंड इंजिनावर तेल मोजून वरून भरायचं. मग तेलाचा फेस होतो आणि पंप तेलाऐवजी हवा ओढत बसतो. म्हणून आमच्याकडं गाडी तापवून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवूनच काडी बघायची. एकदा एक मालक बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला. उस्ताद दारातच उभे राहिले. "इंजिन बंद तर पंप बंद. कोरडं घासत आणलं तुमी त्याले." मालक म्हणाला, थोडंच ओढलं. "थोडं म्हंजे कुठून?" तो हळूच म्हणाला, "अंजनगावहून." म्हणजे सत्तरेक किलोमीटर. उस्तादांनी मला सांगितलं, "यायले चहा पाज. गाडीले आता काही पाजून उपेग नाही."

असा माणूस रोज समोर असला की आपणही तसेच होतो. माझ्यावरही ते शक घेतात असं मला नऊ वर्षं वाटत राहिलं. मी बसवलेला प्रत्येक बोल्ट ते मागून येऊन तपासायचे. शेवटच्या वर्षी मस्कतच्या गॅरेजमालकानं माझ्याबद्दल उस्तादांचा शब्द मागितला होता आणि उस्ताद काहीच बोलत नव्हते. त्याच आठवड्यात ते पुतणीच्या लग्नाला बाळापूरला गेले आणि एका प्राध्यापकांची गाडी माझ्यावर सोपवून गेले. काम साधं होतं, गळणारं सील बदलायचं. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कढईएवढा जड, गोल कन्व्हर्टर असतो. तो फिरवत आत ढकलला की तीनदा बसतो. तिसऱ्यांदा टक झालं म्हणजे त्याची मान पंपाच्या खाचेत गेली. मला मस्कतच दिसत होतं बहुतेक... दोनच टक वाजले आणि मी तीन ऐकले. गिअरबॉक्स इंजिनाला भिडेना, बोटभर फट राहिली. उस्ताद सांगायचे की तो हातानं भिडला पाहिजे, बोल्टानं ओढायचा नाही. मी बोल्टानं ओढला. गाडी चालू केली तर जागची हलेना. पुन्हा उतरवून पाहिलं, पंप फुटलेला होता. चांगला, निरोगी पंप, माझ्या हातानं.

त्या जातीचा पंप अकोल्यात नव्हता. असला तर वानखडेकाकांकडं, आणि त्यांच्याशी उस्ताद अठरा वर्षं बोलले नव्हते. दोघं कधीकाळी एकाच गॅरेजात होते. का बिनसलं ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून मी दोन्ही खरं धरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अमरावतीला गेलो. इस्माईल उस्तादांकडून आलो म्हटल्यावर काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "इस्माईलनं धाडलं काय? माह्याकडं जुना माल नवा म्हणून विकतात का, ते पाहाले?" मी सगळं खरं सांगून टाकलं. ते उठले, टेबलावर उघडलेल्या एका गिअरबॉक्सातून पंप काढला, धुतला, कागदात बांधला. म्हणाले, "आता खोटं बोलून नाही राहिला, हे दिसते. पह्यले जेव." परत येऊन सांजेपर्यंत मी तो बसवला. तिसरा टक होईस्तोवर श्वास घेतला नाही.

उस्ताद दुसऱ्या दिवशी आले. गाडी चालू करायला लावली आणि लोखंडी सळईचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. "आवाज नवा आहे." मी म्हटलं, "सील नवं आहे ना, उस्ताद." त्यांनी माझ्याकडं पाहिलं... सळई पुसून ठेवली. पण त्या दिवसापासून मी कन्व्हर्टर बसवला की ते लांबूनच विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, तीन. दुसऱ्या कोणाला ते हे विचारत नसत. त्या प्राध्यापकांना दर महिन्याला विनाकारण बोलावून गाडीचं तेल तपासायचे. आणि पंधरा दिवसांत मस्कतला शब्द दिला. मी त्यावरही शक घेतला. वाटलं, मला इथून घालवायचंच असेल.

परवा शेवटी मी वानखडेकाकांना फोन करून विचारलं, उस्तादांना तुम्ही सांगितलं होतं का. "मी काहून सांगू?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तू माह्या घरून स्टँडवर गेला अन् त्याचाच फोन आला. अठरा वर्सांनी. गॅरेजात विचारलं असन त्यानं, तू अमरावतीची बस धरली म्हणून समजलं असन. म्हणे, आला होता का? मी म्हटलं, हो. म्हणे, जेवला का? मी म्हटलं, दोन भाकरी खाल्ल्या. म्हणे, मंग ठीक आहे. त्याले सांगू नको. अन् ठेवला."

मला बरं वाटावं म्हणून काका हे बोलले का, असं फोन ठेवल्यावर मनात आलंच. सवय जात नाही. पण त्या दिवशी मी दोनच भाकरी खाल्ल्या होत्या, तिसरी घशाखाली उतरली नव्हती, ते मला पक्कं आठवतं. कोणी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या भाकरी इतकी वर्षं कोण लक्षात ठेवतं? म्हणून हे मी पूर्ण खरं धरतो.

टेबलावरचा तो गिअरबॉक्स काकांच्या घरच्याच गाडीचा होता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यापायी ती आठ महिने उभी राहिली, आणि अजून कुठल्यातरी जुन्या पंपावर चालते. सुट्टी मिळाली की अकोल्याला उस्तादांच्या कबरीवर जाईन आणि तिथून अमरावतीला. काकांच्या गाडीचा गिअरबॉक्स मी स्वतः उतरवीन, माझ्या पसंतीचा नवा पंप घालीन, काकांना समोर खुर्ची देईन. आणि विनंती करीन, की कन्व्हर्टर बसवताना त्यांनी मला एकदा विचारावं, किती.